खाडीतील समुद्रगवताची नोंद गाळउपशाच्या आधी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली केलेल्या ठरावानुसार १ मार्च हा जागतिक समुद्रगवत दिन म्हणून पाळला जातो. कांदळवनांचा दिवस आता कोकणातील शाळाशाळांतून साजरा होतो, त्याच्या बातम्या छायाचित्रांसह छापून येतात, आणि ते योग्यच आहे. समुद्रगवताचा दिवस मात्र यंदाही आपल्याकडे कोणाच्या ध्यानीमनी नसताना सरला. दिवस साजरा झाला नाही याची मला खंत नाही. खंत याची आहे की, ज्या वनस्पतीला किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने कांदळवने आणि प्रवाळ यांच्या पंक्तीला बसवून सर्वोच्च संरक्षण दिले आहे, ती वनस्पती आपल्या कोणत्या खाडीत, कोणत्या काठाला वाढते याची खाडीनिहाय यादी मला अद्याप कोठे पाहायला मिळालेली नाही. आणि यादीत नाव नाही म्हणजे ती तेथे नाहीच असे धरून जेटीची, भरावाची आणि गाळउपशाची कामे पुढे सरकतात. या विषयाकडे वाचकांचे व संबंधित खात्यांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय बहुतेकांना नवा असल्याने ते नेहमीपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल आपण उदार व्हावे ही विनंती.

प्रथम ही वनस्पती कोणती ते सांगते. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळे नसतात, त्याला फूल येत नाही, आणि ते बहुधा खडकाला चिकटून वाढते. समुद्रगवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिचे खोड वाळूत किंवा चिखलात आडवे धावते, त्याच्या पेरापेरांतून खाली मुळे आणि वर पानांचे झुबके फुटतात, पाण्यातच फुले येतात, पाण्यावाटेच पराग वाहून जातात आणि फळे धरतात. जमिनीवर वाढणाऱ्या एकदल वनस्पतींपैकी काही सुमारे सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात उतरल्या, त्यांचे हे वंशज होत. दिसायला गवत असले तरी भात, ज्वारी, कुसळी यांच्या गवतकुळाशी त्यांचे जवळचे नाते नाही. जगात सपुष्प वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती असताना खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडून आयुष्य काढण्याची किमया जेमतेम सत्तरएक जातींना साधली आहे, आणि तेवढ्यांनी अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांचे किनारे व्यापले आहेत. भारतात त्यांपैकी चौदा ते सोळा जातींची नोंद आहे.

आपल्या देशातील सर्वात समृद्ध कुरणे पाल्कचा उपसागर आणि मन्नारचे आखात येथे आहेत. काशी-रामेश्वर करून आलेल्या मराठी माणसांनी पांबनच्या पुलावरून हे दोन्ही समुद्र पाहिलेले असतात, कारण रामेश्वरचे बेट या दोहोंच्या मधेच आहे. पुलावरून दिसते ते फक्त निळे-हिरवे उथळ पाणी. त्या पाण्याखाली एकाच परिसरात डझनभर जाती नांदतात. थॅलॅसिया हेम्प्रिचीची पाने जाडसर, चपटी आणि किंचित वाकलेली असतात. सायमोडोसिया सेरुलाटाच्या पानांच्या टोकांना बारीक दाते असतात. सिरिंगोडियमची पाने चपटी नसून गोल असतात. हॅलोड्यूलची अरुंद आणि लांब. तर हॅलोफिला ओव्हॅलिसची लहान, लंबगोल आणि देठाची. प्रत्येक जातीची खोली, तळाची पसंती आणि वाढीचा वेग निराळा. हॅलोफिला उघड्या पडलेल्या वाळूवर सर्वात आधी पोहोचते आणि लवकर वाढते. थॅलॅसियासारख्या जाती सावकाश येतात, पण एकदा खोड पसरले की वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतात.

यांतली सर्वात मोठी जात एन्हॅलस ॲकोरॉइडिस. तिची पट्टीदार पाने मीटरभराहून लांब होतात आणि खोडाभोवती जुन्या पानांचे राठ काळे तंतू साठून राहतात. तिचे परागण मला वनस्पतिसृष्टीतल्या अत्यंत देखण्या घटनांपैकी एक वाटते. नर फुले आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. तांदळाच्या कणीएवढी पांढरी नर फुले पाण्याखाली आपल्या देठापासून सुटतात, वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठावर वाऱ्याबरोबर वाहू लागतात. मादी फुलाचा देठ लांब असतो, आणि मोठ्या ओहोटीला पाणी पुरेसे खाली गेले की ते फूल नेमके पृष्ठभागाशी येऊन उमलते. त्याच्या पाकळ्यांना पाणी धरत नाही. वाहत आलेली नर फुले त्यांच्यात अडकतात, भरतीचे पाणी चढू लागले की पाकळ्या मिटतात आणि पराग आत कोंडले जातात. फळ धरल्यावर लांब देठ वेटोळे घेत आखडतो आणि फळाला तळाकडे ओढून नेतो. चंद्राच्या तिथीवर चालणाऱ्या भरती-ओहोटीशी इतका काटेकोर मेळ घालणाऱ्या या वनस्पतीला आपण आपल्या पाठ्यपुस्तकांत एखादे पानही देऊ नये, याचे मला शिकवण्याच्या सर्व वर्षांत वाईट वाटत आले.

या कुरणांचा सर्वात परिचित रहिवासी म्हणजे डुगाँग, अर्थात समुद्रगाय. पूर्णपणे वनस्पतींवर आणि पूर्णपणे समुद्रातच जगणारा हा सस्तन प्राणी असून त्याचे दूरचे नाते हत्तीशी आहे. पूर्ण वाढलेला डुगाँग दिवसाला तीस-चाळीस किलो समुद्रगवत खातो. हॅलोफिला आणि हॅलोड्यूल या मऊ जाती त्याला अधिक प्रिय असतात, आणि तो पाने खुडत नाही तर खोड-मुळांसकट उपटत पुढे सरकतो, त्यामुळे त्याच्या मागे तळावर उघडी पडलेली लांबच लांब वाट दिसते. त्या वाटेत शेजारच्या खोडांना नवे फुटवे येतात, पहिल्यांदा मऊ जातीच उगवतात, आणि डुगाँग पुन्हा तेथे चरायला येऊ शकतो. कुरण विस्तीर्ण असेल तरच हा क्रम चालतो. कुरणाचे तुकडे झाले, की तोच प्राणी उरलेला तुकडा संपवतो आणि उपाशी राहतो. मादी तेरा-चौदा महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकच पिलू देते आणि दोन विणींच्या मधे तीन ते सात वर्षे जातात. म्हणून जाळ्यात गुदमरून मेलेली एक मादीसुद्धा पिढ्यांचे नुकसान करून जाते. भारतात मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार आणि कच्छचे आखात एवढ्याच ठिकाणी डुगाँग उरला असून त्याची एकूण संख्या दोन-अडीचशेच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहेच. पण अनुसूचीतल्या प्राण्याला खायला लागणारे गवत तळावर असल्याशिवाय त्या नावाचा त्याला काही उपयोग नाही.

डुगाँगची मोहिनी मोठी असल्यामुळे समुद्रगवतावरचे बहुतेक लेख त्याच्यापाशीच थांबतात. मला मात्र वाटते की या कुरणांची खरी श्रीमंती बोटाच्या पेराएवढ्या जिवांत आहे. पानांवर सूक्ष्म शैवालाचा थर बसतो; तो वाढत गेला तर पानाला ऊन मिळत नाही. हा थर लहान गोगलगायी आणि बारीक कवचधारी प्राणी दिवसरात्र खरवडून खातात, त्यांना मासे खातात, आणि पान उजेडात राहते. समुद्री घोडा आपली शेपटी पानाभोवती गुंडाळून प्रवाहात स्थिर राहतो व समोरून जाणारे बारीक जीव शोषून घेतो. पिले वाढवण्याची पिशवी या माशात नराच्या पोटावर असते, आणि पिले थोडी वाढून तळाशी आली की त्यांनाही धरायला पान लागते. समुद्रकाकडी तळाची वाळू गिळते, तीतले सेंद्रिय द्रव्य पचवते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. पाल्कच्या उपसागरातील कोळ्यांना ज्या मोठ्या कोळंबीचा पैसा मिळतो, त्या पिनियस सेमिसल्कॅटस जातीची पिले समुद्रगवतात वाढतात. दिवसा वाळूत पुरून राहतात आणि रात्री चरायला निघतात. निळा खेकडा, गवत खाणारे सिगॅनस मासे, हिरवे कासव अशी ही यादी पुष्कळ लांबवता येईल.

एका शिंपल्याचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. समुद्रगवताच्या मुळांखालचा चिखल बहुधा प्राणवायूविना असतो आणि त्यात कुजण्यातून सल्फाइड तयार होते, जे मुळांना विषारी आहे. वनस्पती पानांत तयार झालेला प्राणवायू पोकळ ऊतींमधून मुळांकडे पोहोचवते आणि स्वतःचा काही अंशी बचाव करते. उरलेले काम ल्युसिनिड कुळातले शिंपले करतात. त्यांच्या कल्ल्यांत असे जिवाणू राहतात की जे सल्फाइडचा प्राणवायूशी संयोग घडवून त्यातून ऊर्जा मिळवतात आणि शिंपल्याला पोसतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू मुळांतून झिरपतो. म्हणजे गवत शिंपल्याला श्वास देते आणि शिंपला गवताच्या मुळांचे विष उतरवतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे त्रिपक्षीय सहजीवन जगातल्या अनेक कुरणांत असल्याचे दाखवून दिले. एखाद्या जागी यंत्राने तळ उपसून नंतर तेथे गवताची रोपे आणून लावली तर ती का जगत नाहीत, याचे एक कारण येथे सापडते: वरचे गवत आणता येते, खालचा संसार आणता येत नाही.

आता थोडे तंजावरविषयी, कारण येथे मराठी वाचकाचा खरा संबंध आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे यांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ १८१४-१५ च्या सुमारास मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी उभारलेला मनोरा आजही उभा आहे, आणि त्याच्या समोर पसरलेला पाल्कचा उपसागर हीच भारतातली पहिली डुगाँग संवर्धन राखीव जागा आहे. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांलगतचे सुमारे ४४८ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र यासाठी अधिसूचित केले. त्यात सुमारे १२,२५० हेक्टर समुद्रगवत असल्याचे सरकारनेच नमूद केले आहे. मनोऱ्याच्या परिसरात डुगाँग संवर्धन केंद्र उभारण्याचेही तेथील सरकारने जाहीर केले आहे. तंजावरला सरस्वती महाल आणि बृहदीश्वर पाहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी मोकळ्या अर्ध्या दिवसात या किनाऱ्याकडे जरूर वळावे.

या राखीव जागेची मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती मासेमारांना बाजूला सारून उभी राहिलेली नाही. जाळ्यात सापडलेला डुगाँग जिवंत सोडून देणाऱ्या मासेमारांना वनखात्याने रोख बक्षिसे दिली, त्यांचे सत्कार केले, आणि एकेकाळी मांसासाठी ज्याची शिकार होत असे तो प्राणी सोडून देणे ही आता गावात सांगायची गोष्ट झाली. तेथेच ऑम्कार फाउंडेशन या स्थानिक संस्थेने मासेमारांना बरोबर घेऊन बांबूच्या चौकटींवर काथ्याच्या दोऱ्यांत समुद्रगवताची खोडे बांधून ती उघड्या तळावर बसवण्याची पद्धत रुजवली. बांबू आणि काथ्या दोन्ही कुजून जातात, तोवर खोडांनी मूळ धरलेले असते. तरीही तेथील संकट सरलेले नाही. तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी, कोळंबीच्या तलावांतून व गावांतून येणारे सांडपाणी, आणि त्यामुळे वाढणारा शैवालाचा थर ही कारणे कायम आहेत, आणि ट्रॉलवर पोट असणारी कुटुंबेही तेथलीच आहेत. त्यांच्या पर्यायी रोजगाराची तजवीज न करता केवळ बंदी घालणे मला अन्यायाचे वाटते.

गवत गेले तर काय होते, याची उदाहरणे अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर घडून गेली आहेत. १९३० च्या दशकात तेथील झोस्टेरा मरिना या जातीला रोग आला आणि थोड्याच वर्षांत तिची बहुतांश कुरणे नष्ट झाली. त्या पानांवरच राहणारी आणि तीच खाऊन जगणारी लॉटिया अल्व्हियस नावाची एक छोटी गोगलगाय त्याबरोबर कायमची संपली. ती संपली हेही शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला साठेक वर्षे लागली. ऐतिहासिक काळात समुद्रातून नामशेष झालेला पहिला नोंदलेला अपृष्ठवंशी प्राणी म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या समुद्राकडील खाजणांत रोगापाठोपाठ १९३३ चे चक्रीवादळ आले, गवत पुसले गेले आणि त्यावर अवलंबून असलेला स्कॅलॉप शिंपल्यांचा धंदा बुडाला. बी वाहून येईल असे जवळ काहीच न उरल्याने साठ-पासष्ट वर्षे तळ उघडाच राहिला. पुढे १९९९ च्या सुमारास तेथे बिया हाताने गोळा करून पेरण्याचे काम सुरू झाले, वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या, आणि आज तेथे सुमारे ३,६०० हेक्टर कुरण आहे. हे उदाहरण मी आशेचे म्हणून देते, पण त्यातला हिशेब विसरू नये: पाणी स्वच्छ होते, जागा मोकळी होती, पैसा आणि माणसे दोन दशके टिकली, तेव्हा हे झाले. जगभरातल्या पुनर्लागवडीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली घेण्यात आला तेव्हा जगण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आढळले. कांदळवन तोडावे लागले तर तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करण्याची अट आपल्याकडे घातली जाते. त्या अटीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद असतील, पण समुद्रगवताबाबत असा सौदा मुळातच धोक्याचा आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. कोकण आणि गोव्याच्या समुद्राला पाल्कच्या उपसागरासारखी विस्तीर्ण कुरणे नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपला किनारा लाटांना उघडा आहे, पावसाळ्यात नद्या अफाट गाळ आणतात, आणि समुद्रगवताला पृष्ठभागावरच्या उजेडाचा निदान दहावा हिस्सा तरी तळापर्यंत पोहोचावा लागतो. म्हणून आपल्याकडे जी जात तग धरते ती खाड्यांच्या मचूळ पाण्यातली, हॅलोफिला बेकारी. ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या टी. जी. जगताप आणि ए. जी. उंटवाले या शास्त्रज्ञांनी मांडवी खाडीतल्या तिच्या ताटव्यांचे परिस्थितिविज्ञान १९८१ सालीच मांडले होते, आणि पुढे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही तिची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. म्हणजे कोकणच्या चिखलात जागतिक पातळीवर धोक्यात असलेली एक सपुष्प वनस्पती वाढते आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी नाही.

ती दिसते कशी हे सांगणे आवश्यक आहे, कारण ओळखणारा माणूस नसेल तर ती हमखास पायाखाली जाते. कांदळवनाच्या समुद्राकडच्या कडेला, मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मऊ चिखलावर हिरवट-तपकिरी थर दिसतो, आणि पाहणारा शेवाळ समजून पुढे जातो. वाकून चिखल बोटाने बाजूला केला तर दोऱ्याइतके बारीक पांढरे खोड हाती लागते. त्याच्यावर थोड्याथोड्या अंतरावर उभे आखूड फुटवे असतात आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला सहा-आठ पानांचा झुबका. पान भाल्याच्या आकाराचे, देठ सोडून जेमतेम सेंटिमीटरभर लांब. चिखलाला धरून ठेवण्याचे काम हे एवढेसे रोप करते. त्याच्या जाळ्यात बारीक गाळ अडतो, खेकड्यांची व कोळंबीची पिले लपतात, गोगलगायी चरतात. पावसाळ्याच्या गोड्या, गढूळ पाण्यात ताटवे विरळ होतात आणि उघडीप झाली की पुन्हा पसरू लागतात. यातून एक साधी गोष्ट निघते: पावसाळ्यात किंवा भरतीच्या वेळी केलेल्या पाहणीत ही वनस्पती आढळली नाही, तर त्या पाहणीवरून काहीच सिद्ध होत नाही.

नेमका येथेच आपला कारभार अडखळतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या आणि नंतर २०१९ च्या अधिसूचनेत समुद्रगवताची क्षेत्रे पहिल्या वर्गाच्या ‘अ’ उपवर्गात, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रांत धरलेली आहेत. कायद्यात कसूर नाही. परंतु कायदा लागू होतो तो नकाशावर, आणि नकाशे प्रामुख्याने उपग्रहचित्रांवरून तयार होतात. देशातील समुद्रगवताचे क्षेत्र सुमारे ५१७ चौरस किलोमीटर असल्याचा जो अंदाज आहे, त्यात पाल्क-मन्नार, चिलिका, लक्षद्वीप, अंदमान अशा मोठ्या आणि तुलनेने स्वच्छ पाण्यातल्या कुरणांचाच भरणा असणे स्वाभाविक आहे. कोकणच्या खाडीतले पाणी गढूळ, ताटवा एखाद्या खळ्याच्या आकाराचा, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या उपग्रहचित्रातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटर किंवा त्याहून मोठ्या बाजूचा. अशा चित्रात हॅलोफिला बेकारी उमटणार कशी? ती नकाशात नाही याचे कारण नकाशाच्या पद्धतीत आहे. खाडीत ती आहे की नाही ते पाहायला माणसालाच ओहोटीच्या वेळी चिखलात उतरावे लागेल.

काही जण म्हणतील की एवढ्याशा ताटव्यांसाठी विकासकामे रोखायची काय. मी तसे म्हणत नाही. गाळाने भरलेल्या खाडीत होडी घालता येत नसेल तर गाळ काढणे ही मासेमारांचीच गरज आहे, हे मी जवळून पाहते. परंतु उपशाची रेषा पन्नास मीटर सरकवणे, उपसलेला गाळ चिखलाच्या पठारावर न टाकता अन्यत्र नेणे, जेटीचे खांब ताटवा टाळून रोवणे, या गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावर जवळजवळ फुकट होतात आणि काम उरकल्यावर कोणत्याही किमतीला होत नाहीत. त्यासाठी आधी माहिती हवी. हवामानबदलाच्या चर्चेत अलीकडे समुद्रगवताचे नाव कार्बनसाठी घेतले जाते. सागरतळाच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी भाग व्यापणाऱ्या या कुरणांत समुद्रतळाशी दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दहा टक्के वाटा साठतो, असे मानले जाते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. तथापि आपल्या खाडीतल्या चिमूटभर गवताचा बचाव मी कार्बनच्या आधारे करू इच्छित नाही, कारण त्या तराजूत ते हलकेच ठरेल. त्याचा बचाव खेकड्यांच्या आणि कोळंबीच्या पिलांसाठी, चिखल जागेवर राहण्यासाठी आणि ती जात जगात टिकण्यासाठी करायचा आहे.

संरक्षण म्हणजे कुंपण घालून विसरून जाणे, असाही समज होऊ नये. लक्षद्वीपमध्ये अगत्तीच्या खाजणात हिरवी कासवे मोठ्या संख्येने जमली, त्यांनी समुद्रगवत अतोनात चरून कुरण खुरटवले, गवतातले मासे घटले आणि स्थानिक मासेमार कासवांवर रुष्ट झाले. कासवे नंतर इतर बेटांच्या खाजणांकडे वळली आणि तेथेही तसेच घडले. कासवही संरक्षित, गवतही संरक्षित, आणि मासेमाराचे पोटही महत्त्वाचे. अशा गुंत्यात वर्षानुवर्षांच्या नोंदीच उपयोगी पडतात, आणि त्या नोंदी तेथे शास्त्रज्ञांनी चिकाटीने ठेवल्या म्हणूनच काय घडले ते आपल्याला कळले.

नोंदी ठेवण्याची सोय आपल्याकडे कायद्यानेच केलेली आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने तयार केलेली लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांत आंबा, काजू, पक्षी, मासे यांच्याबरोबर समुद्रगवताचे स्वतंत्र पान असावे, त्यात जागा, महिना, ओहोटीची वेळ आणि छायाचित्र यांची नोंद असावी, अशी माझी पहिली विनंती आहे. हे काम करायला बाहेरून माणसे आणावी लागणार नाहीत. तिसऱ्यांसारखे शिंपले आणि कालवे काढणाऱ्या बायकांना कोणत्या चिखलावर काय उगवते हे ठाऊक असते. त्यांच्याबरोबर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांतील विद्यार्थी गेले तर शास्त्रीय ओळख पटवता येईल. त्या बायकांचा दिवसाचा रोज मात्र त्यांना मिळाला पाहिजे. ज्ञान त्यांचे आणि मानधन फक्त तज्ज्ञांचे असे होऊ नये.

दुसरी विनंती राज्याच्या कांदळवन कक्षाला आणि किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला आहे. २०१२ पासून कांदळवन कक्षाने मोठे काम केले आहे, खाडीकाठच्या गावांशी त्याचे संबंध आहेत आणि कांदळवनाच्या कडेचा चिखल त्याच्या माणसांच्या पायाखालचाच आहे. हॅलोफिला बेकारी नेमकी त्याच कडेला वाढत असल्याने तिच्या पाहणीसाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, आहे त्या यंत्रणेच्या कामात तिचा समावेश करावा लागेल. खाडीतील गाळउपसा, वाळूउपसा, जेटी किंवा भराव यांच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मोठ्या ओहोटीला, पावसाळा वगळून, प्रत्यक्ष चालत केलेल्या समुद्रगवत पाहणीचा अहवाल बंधनकारक करावा, तो मराठीत असावा आणि जनसुनावणीपूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

मार्चपासून मेअखेरपर्यंतचे दिवस या पाहणीला अनुकूल आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या ओहोट्यांचे वेळापत्रक आधीच छापलेले असते, आणि पावसाळ्यापूर्वी उरकायच्या गाळउपशाच्या कामांची यादीही याच सुमारास तयार होत असते. या दोन्ही याद्या एकत्र ठेवून, ज्या खाड्यांत यंत्रे उतरणार आहेत त्या खाड्यांची पाहणी यंदाच प्रथम हाती घ्यावी, आणि तिचे निष्कर्ष आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीतून प्रसिद्ध करावेत, अशी आपणांसही विनंती करते.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सिंधुदुर्ग जिल्हा